उग्र हवामानाची ओढ आणि राहण्याच्या जागेची निवड

मेघदर्शी :

राहण्याची जागा निवडताना बहुतेक माणसे नोकरी, शाळा, नातलग आणि सौम्य हवा यांचा विचार करतात. माझी अट नेमकी उलटी आहे. विजा, गारा, सोसाट्याचा वारा किंवा हिमवादळ यांपैकी काहीतरी वरचेवर घडावे आणि ते घरातून पाहता यावे, असे मला लहानपणापासून मनोमन वाटत आले आहे. आता माझे काम कोठूनही करता येण्यासारखे झाले आहे, त्यामुळे हा प्रश्न केवळ कल्पनेपुरता राहिलेला नाही.

या विषयाचा शोध सुरू केला की प्रथम विक्रमांच्या याद्या समोर येतात आणि त्या माणसाची दिशाभूल करतात, असे माझे मत झाले आहे. ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर १० एप्रिल १९९६ रोजी ओलिव्हिया या चक्रीवादळात ताशी ४०८ किलोमीटर वेगाचा झोत नोंदला गेला; पण ती एका रात्रीची गोष्ट झाली. याउलट अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टन या १,९१७ मीटर उंचीच्या शिखरावर १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, आणि आजही तेथे वर्षातले शंभराहून अधिक दिवस वारा हरिकेनच्या, म्हणजे अटलांटिकवरील तीव्र चक्रीवादळाच्या, वेगाला पोहोचतो. हवामानावर प्रेम करणाऱ्यासाठी दुसरी जागा कितीतरी मोलाची आहे. मात्र तेथे निरीक्षक आठवडाभराच्या पाळ्यांनी राहतात, कोणी संसार थाटत नाही.

माझी भूमिका अशी आहे की ज्याला अशा हवामानाजवळ राहायचे आहे त्याने सर्वांत भीषण घटना कोठे घडली हे पाहू नये, तर पाहण्याजोगी घटना किती वेळा घडते, ती दिसते का, आणि तिच्यानंतर घर उभे राहते का, हे पाहावे. ज्यांनी अशा प्रदेशांत वास्तव्य केले आहे किंवा त्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे, त्यांनी आपले मत विस्ताराने मांडावे, अशी विनंती आहे.

मैदानी_वारा :

अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानांत मी काही वर्षे राहिलो आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट हवा, तिच्यावर पश्चिमेकडच्या उंच कोरड्या प्रदेशातून सरकणारी हवा, आणि त्याहून वर उंचीनुसार वेग व दिशा बदलत जाणारा जोरदार वारा, असा तिहेरी योग या मैदानांत वसंत ऋतूत पुन्हा पुन्हा जुळून येतो आणि त्यातून सुपरसेल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारे दीर्घायुषी गडगडाटी ढग, तयार होतात. ओक्लाहोमा राज्यातील नॉर्मन या गावी वादळांचे पूर्वानुमान देणारे राष्ट्रीय केंद्र, तीव्र वादळांची संशोधन प्रयोगशाळा आणि हवामानशास्त्रासाठी नावाजलेले विद्यापीठ हे सर्व एकत्र आहे. शेजारीपाजारी आकाशाविषयी जाणतेपणाने बोलतात, हा लाभ मला तेथे गेल्यावरच उमगला आणि मी त्याला फार मोठा मानतो.

तरीही टोर्नेडोसाठी, म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या वाऱ्याच्या भोवऱ्यासाठी, तेथे घर घेणाऱ्याने एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अमेरिकेत वर्षाला साधारण १,२०० टोर्नेडो होतात, पण त्यांतील बहुसंख्य काही मिनिटे टिकतात आणि अरुंद पट्ट्यातून जातात; त्यामुळे एखाद्या विशिष्ट घराच्या दारातून टोर्नेडो दिसण्याचा योग आयुष्यात एकदाही येईलच असे नाही. नॉर्मनच्या उत्तरेला लागून असलेल्या मूर शहरावर मात्र ३ मे १९९९, ८ मे २००३ आणि २० मे २०१३ अशा तीन वेळा अतितीव्र टोर्नेडो आले. संभाव्यतेचे गणित किती निष्ठुर असू शकते ते यावरून कळते. जे लोक टोर्नेडो नियमाने पाहतात ते घरी बसून पाहत नाहीत. ते दिवसाला शेकडो किलोमीटर गाडी चालवतात. घरातून जे खरोखर मिळते ते म्हणजे क्षितिजावरून सरकत येणारी ढगांची काळी भिंत, गारा, रात्रभर चमकणाऱ्या विजा, आणि वादळ दूर गेल्यावर उजळून निघालेला ऐरणीसारखा ढगमाथा. माझ्या दृष्टीने ते पुष्कळ होते. मे महिना हा ऐन बहराचा काळ असतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये नुसता कोरडा उष्मा सोसावा लागतो.

आग्नेयेकडील अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांतही टोर्नेडो पुष्कळ होतात, म्हणून काही जण ती नावे सुचवतात. मी ती सुचवणार नाही. तेथे झाडी दाट आहे, भूभाग उंचसखल आहे, वादळे वेगाने सरकतात आणि अनेकदा रात्री येतात. २७ एप्रिल २०११ या एका दिवशी त्या पट्ट्यात तीनशेहून अधिक माणसे दगावली. पाहणाऱ्याला तेथे दिसत काही नाही, आणि धोका मात्र पूर्ण असतो.

विद्युल्लता :

ज्यांना विजा प्रिय आहेत त्यांच्यासाठी पृथ्वीवरची सर्वांत समृद्ध जागा निःसंशय व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवर ही आहे. उपग्रहावरून केलेल्या मोजणीनुसार तेथे दर चौरस किलोमीटरवर वर्षाला सरासरी २३३ वेळा वीज चमकते, आणि वर्षातल्या सुमारे ३०० रात्री गडगडाटी वादळे होतात. सरोवराचे पाणी उबदार आहे, तिन्ही बाजूंना डोंगर आहेत, आणि रात्री डोंगरांवरून उतरणारी थंड हवा सरोवरावरच्या दमट हवेला वर ढकलते. त्यामुळे ढग रोज जवळपास त्याच ठिकाणी उभे राहतात. तरीही २०१० च्या आरंभी तीव्र दुष्काळामुळे हा खेळ अनेक आठवडे थांबला होता. निसर्गातील इतकी नियमित गोष्टसुद्धा गृहीत धरता येत नाही, हे मला त्या घटनेवरून पटले. त्या देशाची आर्थिक अवस्था आणि वीजपुरवठ्याची स्थिती लक्षात घेता कायम वास्तव्यासाठी मी ती जागा सुचवू शकत नाही.

माझी निवड ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकावरील डार्विन ही आहे, आणि तिच्यामागची कारणे मी थोडी सविस्तर सांगते. मे ते सप्टेंबर हे महिने तेथे जवळजवळ निरभ्र असतात. ऑक्टोबरपासून आर्द्रता वाढू लागते, दुपारी ढग उंचावत जातात, पण अनेक दिवस पाऊस न पडताच संध्याकाळ होते; मग एके दिवशी संपूर्ण आकाश विजांनी भरून जाते. डार्विनच्या उत्तरेकडील तिवी बेटांवर या ऋतूत जवळपास रोज दुपारी एक प्रचंड गडगडाटी ढग उभा राहतो. बेटाच्या दोन्ही बाजूंनी येणारे समुद्री वारे मध्यावर एकमेकांना भिडतात आणि ढग सुमारे २० किलोमीटर उंची गाठतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिक त्याचा दिशादर्शक खूण म्हणून उपयोग करीत, आणि आज तो हेक्टर या नावाने ओळखला जातो. एका विशिष्ट ढगाला स्वतःचे नाव असावे आणि त्याची रोज वाट पाहता यावी, याहून मोठे सुख हवामानप्रेमी माणसाला कोणते असणार? त्या दीर्घ, घामट प्रतीक्षेचा मात्र अनेकांना त्रास होतो, आणि केवळ विजांच्या छायाचित्रांवर भाळून गेलेला माणूस पहिल्याच नोव्हेंबरमध्ये कंटाळू शकतो.

सिंगापूर आणि फ्लोरिडा यांचाही विचार व्हावा. सिंगापुरात वर्षाला सुमारे १७० दिवस गडगडाट ऐकू येतो, पण उंच इमारतींमुळे क्षितिज दिसत नाही. फ्लोरिडाच्या द्वीपकल्पावर उन्हाळ्यात दोन्ही किनाऱ्यांकडून येणारे समुद्री वारे समोरासमोर येतात आणि दुपारनंतरची वादळे ठरल्यासारखी होतात. तेथे हरिकेनचा प्रश्न मात्र वेगळा उभा राहतो.

ओलीचिंब :

पावसाविषयी थोडक्यात लिहितो, कारण पाऊस आवडणारी माणसे सर्वांत अधिक निराश होतात. चेरापुंजी येथे ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि तो विक्रम आजही अबाधित आहे. पण अतिवृष्टीच्या डोंगराळ जागा बहुतेक वेळ ढगाच्या आतच असतात. ढग कसा आला, कसा वाढला, कोठे कोसळला, हे काहीच दिसत नाही. पांढऱ्या धुक्यात आवाज तेवढा ऐकू येतो. शिवाय त्याच चेरापुंजीत हिवाळ्यात पिण्याच्या पाण्याची टंचाई भासते, कारण चुनखडीच्या भूभागावर आणि तीव्र उतारांवर पाणी ठरत नाही. हिंदी महासागरातील रेयुनियन बेटावर ७ आणि ८ जानेवारी १९६६ रोजी २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला, तोही बेटाच्या निर्मनुष्य उंच भागात. विक्रमांच्या याद्यांविषयी मेघदर्शी यांनी जे म्हटले आहे ते पावसाच्या बाबतीत तर पुरेपूर खरे आहे.

हिमरेषा :

बर्फाच्या बाबतीत परिस्थिती अगदी वेगळी आहे. अतोनात बर्फ पडणारी आणि तरीही मोठ्या शहराचे सुरळीत जीवन असलेली ठिकाणे खरोखर आहेत. जपानमधील आओमोरी हे जवळपास तीन लाख वस्तीचे शहर त्यांतले अग्रगण्य. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारी कोरडी, गोठवणारी हवा तुलनेने उबदार अशा जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प उचलते आणि किनाऱ्यालगतच्या डोंगरांना अडून ते बर्फाच्या रूपाने टाकते. शहराजवळच्या सुकायू येथे फेब्रुवारी २०१३ मध्ये जमिनीवर साचलेल्या बर्फाची जाडी ५६६ सेंटिमीटर भरली होती.

अमेरिकेतील महासरोवरांच्या पूर्व किनाऱ्यांवर हीच प्रक्रिया लहान प्रमाणात होते, आणि जागा निवडणाऱ्याने येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. ईरी सरोवर उथळ आहे. ते गोठले की बाष्पाचा पुरवठा खुंटतो आणि त्याच्या पूर्व टोकावरील बफेलो शहराचा बर्फ हिवाळ्याच्या उत्तरार्धात ओसरतो. ऑन्टॅरिओ सरोवर खोल असल्यामुळे क्वचितच पूर्ण गोठते, म्हणून त्याच्या पूर्वेकडील टग हिल पठारावर सबंध हिवाळाभर बर्फ पडत राहतो आणि एका मोसमात त्याचे प्रमाण ५ मीटरच्या पुढे जाऊ शकते. हे पट्टे इतके अरुंद असतात की एका गावात दीड मीटर बर्फ आणि काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात ऊन, असे प्रत्यक्ष घडते. घर कोणत्या शहरात आहे यापेक्षा सरोवराच्या कोणत्या बाजूला आणि किती अंतरावर आहे, याला येथे महत्त्व आहे.

बर्फ शांतपणे पडतो, म्हणून त्याचा धोका मनाला जाणवत नाही. डिसेंबर २०२२ मधील हिमवादळात बफेलो परिसरात चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. काही जण गाड्यांत अडकले, काही उब नसलेल्या घरांत राहिले, आणि काहींपर्यंत रुग्णवाहिका पोहोचू शकली नाही. जपानमध्ये बर्फामुळे होणारे बरेचसे मृत्यू छतावरचा बर्फ उतरवताना होतात आणि त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे असते. आज हौसेने फावडे उचलणाऱ्याने आपल्या सत्तराव्या वर्षी हे काम कोण करणार, हा प्रश्न घर घेण्यापूर्वीच स्वतःला विचारावा.

सागरकाठ :

गडगडाटापेक्षा ज्यांना वारा आणि समुद्र अधिक प्रिय आहेत त्यांनी उत्तर अटलांटिकच्या बेटांकडे आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याकडे पाहावे. १० जानेवारी १९९३ च्या सुमारास स्कॉटलंड आणि आइसलँड यांच्या मधल्या समुद्रात एका वादळाच्या केंद्रातील दाब ९१४ हेक्टोपास्कलपर्यंत (समुद्रसपाटीला हवेचा सरासरी दाब सुमारे १,०१३ असतो) उतरला होता. उष्णकटिबंधीय चक्रीवादळे सोडली तर उत्तर अटलांटिकवर इतका कमी दाब दुसऱ्यांदा नोंदला गेलेला नाही. शेटलंड आणि फेरो बेटांवर अशा वादळांची रांग हिवाळाभर चालू असते. तेथील घरे ठेंगणी आणि दणकट असतात, झाडे फारशी नसल्यामुळे ती पडण्याचे भयही नसते, आणि हानी सहसा मर्यादित राहते. अडचण प्रकाशाची आहे. शेटलंडमध्ये डिसेंबरच्या मध्यास दिवस सहा तासांहूनही लहान असतो, त्यामुळे बहुतेक वादळे काळोखात येतात आणि काळोखातच जातात.

कॅनडातील व्हँकुव्हर बेटावरचे टोफिनो हे गाव यावर चांगला पर्याय ठरते, कारण तेथे दिवस त्या मानाने मोठा असतो. हिवाळी वादळे पाहण्यासाठी पर्यटक तेथे मुद्दाम जातात, आणि समुद्राकडे तोंड करून बांधलेल्या घरांतून पॅसिफिकच्या लाटा फुटताना दिसतात. या किनाऱ्याला भूकंप आणि त्सुनामी यांचा धोका आहे, हे मात्र स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

कृष्णमेघ :

एक शंका अनेक दिवसांपासून मनात आहे. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील दौलतपूर आणि सातुरिया भागांवर आलेल्या टोर्नेडोत सुमारे १,३०० माणसे मरण पावली. ज्यांनी घरे गमावली त्यांच्या शेजारी राहायला जाऊन, अशा घटनांची वाट पाहत आनंद मानणे नैतिकदृष्ट्या योग्य आहे का? तेथे जन्मलेल्या माणसाला ती जागा सोडता येत नाही. आपण मात्र हौसेने जातो आणि नको झाले की परततो.

मेघदर्शी :

कृष्णमेघ यांची शंका रास्त आहे आणि ती टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. कोणाच्या इच्छेने वादळ येत नाही, हे खरे असले तरी तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. माझ्या मते फरक पडतो तो आवड असलेला माणूस तेथे गेल्यावर काय करतो याने. २८ जुलै १९९७ रोजी अमेरिकेतील फोर्ट कॉलिन्स येथे अचानक पूर आला. पाऊस शहराच्या एका भागात इतका एकवटला होता की मोजक्या अधिकृत पर्जन्यमापकांवरून त्याची पुरती कल्पनाच येऊ शकली नाही. त्यानंतर १९९८ मध्ये कोलोरॅडोत सामान्य नागरिकांनी आपापल्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून रोजची नोंद पाठवण्याचे जाळे सुरू झाले, आणि आज हजारो घरांतून अशा नोंदी येतात. प्रशिक्षित स्वयंसेवक ढगांचे निरीक्षण करून हवामान कार्यालयाला कळवतात, तेव्हा रडारच्या किरणांखाली राहून गेलेल्या गोष्टी इशारा देणाऱ्यांपर्यंत पोहोचतात. जो माणूस आकाशाकडे तासन्‌तास आनंदाने पाहू शकतो तोच हे काम वर्षानुवर्षे न थकता करील. अशा माणसाचा शेजार त्या गावाला ओझे वाटणार नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. हौसेने जायचे आणि संकट येताच निघून यायचे, या वागण्याला मात्र माझाही विरोध आहे.

शांतसकाळ :

मला वादळे आवडत नाहीत. माझ्या पतींना ती मनापासून आवडतात, आणि त्यांच्या आवडीमुळे आम्ही अशा प्रदेशात राहायला गेलो, म्हणून दुसरी बाजू मांडते. जाण्यापूर्वी आम्ही काही गोष्टी ठरवल्या होत्या. घरात सुरक्षित खोली असलीच पाहिजे. इशारा आल्यावर आत जायचे की नाही यावर चर्चा होणार नाही. आणि घरातल्या सर्वांत भित्र्या माणसाला वाटेल तेव्हा सर्वांनी आत जायचे. हा शेवटचा नियम माझ्यासाठी फार महत्त्वाचा ठरला, कारण त्यामुळे माझ्या भीतीला घरात मान मिळाला. ज्याला आवड आहे त्याला धोका कमी दिसतो, हे मी जवळून पाहिले आहे. मेघदर्शी, तुमच्या पत्रात घरातील इतर कोणाचा उल्लेख नाही. कोणी असल्यास त्यांचे मत प्रथम विचारावे.

पायाभरणी :

मी इमारतींच्या संरचनेचे काम करतो, त्यामुळे विद्युल्लता यांनी सुचवलेल्या डार्विनचेच उदाहरण घेतो. २५ डिसेंबर १९७४ च्या पहाटे ट्रेसी हे आकाराने अगदी लहान चक्रीवादळ त्या शहरावरून गेले. विमानतळावरील वेगमापकाने ताशी २१७ किलोमीटरचा झोत नोंदवला आणि मग तो बंद पडला. बहुसंख्य घरे नष्ट झाली आणि शहरातील बहुतेक रहिवाशांना बाहेर हलवावे लागले. त्यानंतर ऑस्ट्रेलियातील घरबांधणीचे नियम मुळापासून बदलले. म्हणून अशा प्रदेशात घर घेताना पहिला प्रश्न बांधकामाच्या वर्षाचा असावा. फ्लोरिडातही १९९२ च्या अँड्र्यू हरिकेननंतर नियम कडक झाले आणि २००२ पासून राज्यभर बांधकामाची एकच संहिता लागू झाली. त्यापूर्वीचे आणि त्यानंतरचे घर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

वारा घर कसे मोडतो हेही ठाऊक असावे. बहुधा आधी एखादी खिडकी किंवा गॅरेजचे मोठे दार फुटते, वारा आत शिरून दाब वाढवतो, आणि बाहेरून वर खेचले जाणारे छत आतूनही ढकलले जाऊन उचलले जाते. छत भिंतींना आणि भिंती पायाला धातूच्या पट्ट्यांनी जखडलेल्या आहेत का, हे तपासून घेता येते. जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटांवर टायफूनची, म्हणजे पश्चिम पॅसिफिकमधील चक्रीवादळांची, सवय असल्यामुळे काँक्रीटची घरे सर्रास दिसतात, आणि फिलिपिन्समधील बातानेस बेटांवर जाड दगडी भिंतींची ठेंगणी घरे पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत. पाण्याला मात्र यांतले काहीच पुरे पडत नाही. चक्रीवादळाच्या किनारी भागात वाऱ्याला तोंड देणारे घर बांधता येते, पण वादळाने किनाऱ्यावर लोटल्या जाणाऱ्या समुद्राच्या पाण्याच्या वाटेत घर घेऊच नये. विम्याची अटही आधी वाचावी. गारपिटीच्या प्रदेशात छताच्या नुकसानीचा मोठा वाटा घरमालकाच्याच माथी येतो.

मेघदर्शी :

सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. शांतसकाळ यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की घरात माझी आई आहे. तिला थंडी सोसत नाही, त्यामुळे हिमप्रदेश आणि उत्तरेकडची बेटे आपोआप बाजूला पडतात. उरली मैदाने आणि डार्विन. दोन्ही ठिकाणी आधी संपूर्ण वर्षभर भाड्याने राहावे, म्हणजे कंटाळवाणे महिनेही अनुभवास येतील, असे ठरवतो आहे. घर पाहताना खिडक्या आणि ओसरी कोणत्या दिशेला असावी, एवढे कोणी सांगू शकेल काय?

मैदानी_वारा :

मैदानांत वादळे बहुधा नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतात, म्हणून येणारे वादळ पाहायला पश्चिमेची बाजू मोकळी हवी. पण संध्याकाळी वादळ पूर्वेकडे सरकले की मावळतीचा प्रकाश थेट त्याच्यावर पडतो. ढगाच्या तळाशी लोंबणारे गोळे, इंद्रधनुष्य आणि अंधारल्यावर दूरच्या विजा हे सर्व पूर्वेला दिसते. एकच बाजू मिळणार असेल तर मी पूर्व घेईन, आणि येणाऱ्या वादळाकडे रडारवर लक्ष ठेवीन.

विद्युल्लता :

डार्विनमध्येही पूर्वच घ्यावी, पण कारण वेगळे आहे. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत तेथील वादळांच्या रांगा पूर्वेकडून आणि आग्नेयेकडून येतात, तेव्हा त्या येताना दिसतील. हेक्टरसाठी उत्तरेची बाजू लागते, आणि त्या बाजूला समुद्र असल्यामुळे मध्ये काही आड येत नाही. छपराखालची ओसरी कितीही सुरेख असली तरी गडगडाट ऐकू येऊ लागल्यावर आईंना आणि स्वतःलाही आत घ्यावे. वीज पावसाच्या पुढे दहा किलोमीटरहून अधिक अंतरावरही पडू शकते. भाड्याचे घर ऑक्टोबरपूर्वी घ्यावे, म्हणजे पहिला ढग उभा राहण्यापूर्वी तुम्ही तेथे असाल.